शाळेच्या नावात दडलेले ध्येय

शाळेचे ध्येय शोधायचे तर आपण संस्थेची घटना काढतो, महोत्सवी स्मरणिका चाळतो. मी नववीच्या वर्गाला त्याआधी शाळांची नावे वाचायला लावतो. जुन्या हैदराबाद संस्थानातील मराठी शाळांच्या नावांत संस्थापकांनी बरेच सांगून ठेवले आहे आणि ते व्याकरणाच्या तासालाच उलगडते.

'विवेकवर्धिनी' घ्या. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदी मंडळींच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हैदराबादेत ही शाळा उभी राहिली. दरबारची भाषा उर्दू होती. पुढे १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच झाले. अशा ठिकाणी मराठी मंडळींनी शाळेच्या नावात 'मराठी' घातले नाही, 'हिंदू' घातले नाही, जात तर नाहीच. 'विवेक' घातला. या शब्दातला मूळ धातू 'विच्', म्हणजे वेगळे करणे, निवडणे. सुपात धान्य पाखडणारी आजी आठवली की मुलांना अर्थ लगेच कळतो. पुढचे पद अधिक मोलाचे. 'वर्धिनी' म्हणजे वाढवणारी. 'दायिनी' म्हणजे देणारी. 'दायिनी' म्हटले असते तर मूल रिकामे येते असा अर्थ झाला असता. 'वर्धिनी' म्हणताना विवेकाचे बी मुलाजवळ आहेच, शाळेने पाणी घालायचे, हे गृहीत आहे. एका कृदंताच्या निवडीत सगळी शिक्षणदृष्टी आली!

'नूतन विद्यालय' हे नाव मात्र अर्धे सांगते. पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले; तिथे 'नवे' काय आणि 'इंग्रजी' किती यावर निदान वाद घालता येतो. नुसत्या 'नूतन'चा अर्थ प्रत्येक पिढीने भरायचा.

नाव सगळेच सांगते असेही नाही. अंबाजोगाईच्या 'योगेश्वरी' शाळेचे नाव ग्रामदेवतेचे. पण तिथे मुख्याध्यापक होते स्वामी रामानंद तीर्थ, ज्यांनी पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशची राजधानी झाले. इथल्या मुलाची मराठी घरापुरती, तेलुगू रस्त्यावरची, दख्खनी बाजारातली, इंग्रजी पुस्तकातली. 'मराठी शिकून काय मिळणार?' हा पालकांचा प्रश्न खोटा नाही. पण आजकाल शाळा त्याला उत्तर देतात ते 'सर्वांगीण विकास', 'जागतिक दर्जा' अशा फलकांनी. या शब्दांना मी वर्गात एकच कसोटी लावतो : कर्ता, कर्म, क्रियापद घालून वाक्य करा. 'विकास' इथेच अडतो. रस्त्याचा होतो, भूखंडाचा होतो, मुलाचाही होतो. कोण करतो आणि कशाने, ते फलकावर नसते.

मग प्रत्येकाने आपल्या शाळेचे ध्येय तीन वाक्यांत लिहायचे, भाववाचक नामे वर्ज्य. शिक्षकमित्रांनी हे जरूर करून पाहावे. आधी स्वतः लिहावे, कारण ते सोपे नाही. गेल्या वर्षी एका मुलीने लिहिले, 'शाळा मला असे पत्र लिहायला शिकवते, जे आजी कुणाला न विचारता वाचू शकेल.' तिच्या बाकावरच्या मुलाने ते वाचून विचारले, 'आणि तेलुगू शेजारणीला?' त्या प्रश्नावर आमचे पुढचे दोन तास गेले.