आकाशाला साधा टाका

एडिसन, न्यू जर्सी
१८ फेब्रुवारी

चि. केतकी,


तुझं पत्र आणि भरायला घेतलेल्या चारही रंगवलेल्या कॅनव्हासचे फोटो मिळाले. बाळ रांगायला लागलं हे वाचून बरं वाटलं. बाकी पत्रभर तुझा एकच प्रश्न आहे: सासूबाईंनी दिलेल्या नाताळच्या स्टॉकिंगवरच्या आकाशाला कुठला टाका घालू? त्यापायी तू टाक्यांची तीन पुस्तकं आणलीस, सहा तऱ्हेचे दोरे घेतलेस आणि डिसेंबरपासून सुईला हात लावला नाहीस. तुझी आजी असती तर 'एक ना धड, भाराभर चिंध्या' म्हणाली असती. मी म्हणत नाही, कारण माझ्याही कपाटात एक अर्धा पोपट आहे.

आकाशाला साधा तिरका टाका घाल. कॅनव्हास रंगवणारीने निळ्याच्या चार छटा हलक्या हाताने एकमेकींत मिसळल्या आहेत. त्यावर चौकडीची नक्षी भरलीस तर बघणाऱ्याला नक्षी दिसेल, आकाश दिसणार नाही. आजी मॅटीच्या कापडावर मोर भरायची, तेव्हा कापड कोरं असायचं, सगळं सुईनेच करावं लागायचं. तुझ्या कॅनव्हासवर चित्र आधीच आहे. तुला फक्त ते कुठे उचलून धरायचं एवढंच ठरवायचं आहे.

माझ्या मते अशा दोनच जागा आहेत. एक, चित्रातल्या घराचं छप्पर. तिथे ब्रिक स्टिच घाल, कौलांच्या ओळी आपोआप उमटतील. दुसरी मेंढी. तिच्या अंगावर लोकरीचे गाठीचे टाके दाट भर. उशीच्या अभ्र्यावर मी हे कधीच सांगितलं नसतं. लोक उशीला टेकतात, अंगठी अडकते, लांब किंवा उठावाचा टाका ओढला जातो. पण स्टॉकिंग वर्षातून महिनाभर टांगलं जाणार, त्याला कोण घासतंय! खिडक्या, दार, मुलीचा चेहरा हे सगळं साध्या टाक्यात. कुठलीही नक्षी त्या जागेत निदान तीनदा पुरी बसत नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. अर्धवट कापलेली नक्षी चूक झाल्यासारखी दिसते.

काही ठिकाणी रंगाची कड धाग्यांच्या बरोबर छेदावर न पडता मधेच गेलीय, हे फोटोतही दिसतंय. तिथे कुठला रंग घ्यायचा ते तू ठरव आणि पुढे चल. टाका भरल्यावर ते कुणालाही कळत नाही.

आता साधा टाका म्हणजे कसा, ते नीट वाच. समोरून एकसारखाच दिसणारा हा टाका तीन रीतींनी घालता येतो. अर्ध्या फुलीसारखा घातलास तर तुझ्या साध्या एकेरी विणीच्या कॅनव्हासवर तो धरत नाही, घसरतो. आडव्या ओळींनी, मागे लांब दोरा टाकत जाणारा कॉन्टिनेन्टल घातलास तर कॅनव्हास एका बाजूला ओढला जातो. माझी पहिली उशी मी अशीच भरली, तीही चौकटीवर न ताणता, हातात धरून. चौरस कॅनव्हासची शंकरपाळी झाली. ओली करून, न गंजणाऱ्या टाचण्यांनी पाटावर ताणून तीनदा वाळवली, तरी एक कोपरा आजही तिरका आहे. म्हणून बास्केटवीव्ह: ओळी तिरप्या, एक खाली येणारी, एक वर जाणारी, आणि मागे चटईसारखी वीण. छेदावर उभा धागा वर असेल ती ओळ खाली यायची, आडवा वर असेल ती वर जायची. एकाच दिशेच्या दोन ओळी लागून घातल्यास तर समोर रेघ उमटते. तेव्हा उठताना ओळ संपवून उठू नकोस. सुई ओळीच्या मधेच अडकवून ठेव, म्हणजे बाळ झोपल्यावर परत बसलीस की कुठल्या दिशेने जायचं ते कळेल.

आकाशाची आणि बर्फाची लोकर एकदमच, रंगाच्या एकाच लॉटची घे. मी एकदा कमी घेतली. दुसऱ्या लॉटचा पट्टा अजून डोळ्यांत खुपतो. बर्फ सगळ्यात शेवटी भर, नाहीतर मळेल. आकाश मात्र शेवटावर ढकलू नकोस. रोज आधी दहा ओळी आकाश, मग हवं ते.

उरलेल्या कॅनव्हासपैकी पट्ट्याचा कुणाला तरी देऊन टाक. बारा इंची चौरस उशीचा माळ्यावर ठेव. इंचाला तेरा घरं धरली तर त्यात २४,३३६ टाके आहेत. रोज दोनशे घातलेस तरी चार महिने. स्कॉटलंडची राणी मेरी १५६८ पासून १५८७ पर्यंत इंग्लंडात कैदेत होती, वेळच वेळ होता, तरी तिने छोटे छोटे तुकडेच भरले, तेही फुलीच्या टाक्यासारख्या साध्या टाक्यांत. हिरव्या मखमलीवर बसवलेले ते तुकडे आज नॉरफोकमधल्या ऑक्सबर्ग हॉलमध्ये आहेत. मखमल नसती तर ते कुठल्या तरी पेटीत हरवले असते.

म्हणून शेवटचा टाका घातलास की काम संपलं असं समजू नकोस. ताणणं, अस्तर, कडेची दोरी हे सगळं बाकीच असतं. शिवून देणाऱ्या बायका नाताळची कामं फार आधी घेणं बंद करतात. काही तर उन्हाळ्यातच. आजच एकीला विचार, तारीख लिहून घे आणि शिलाईचे पैसे बाजूला काढ. शिलाई कित्येकदा कॅनव्हासपेक्षा महाग पडते. भोवतीचा दोन इंच कोरा कॅनव्हास चुकूनही कापू नकोस, त्यांना तो लागतो.

देवदाराचा गडद हिरवा दोरा बर्फाच्या मागून ओढत नेलास तर पांढऱ्यातून तो दिसणारच. तिथपर्यंत भरलंस की उलट्या बाजूचा फोटो पाठव. सुलटी बाजू मला बघायची नाही.

तुझी,
मावशी