एकच देव : आपला आणि शेजाऱ्याचाही



रविवारच्या मिस्सात प्रवचनानंतर आपण उभे राहून श्रद्धेचा अंगीकार करतो. त्याची सुरुवातच एका देवावरील विश्वासाने होते. इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेत आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे हा अंगीकार शब्दबद्ध झाला. पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तीन देव नव्हेत. त्या तीन व्यक्तींत एकच देव आहे, हे आपण त्यात कबूल करतो.

पण ‘देव एक’ म्हणजे केवळ मोजदाद नव्हे. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे एका शास्त्र्याने विचारले, तेव्हा प्रभू येशूने देवाच्या एकत्वाची आठवण करून दिली, पूर्ण अंतःकरणाने त्याच्यावर प्रीती करण्यास सांगितले आणि लगेच शेजारप्रीतीची आज्ञा जोडली (मार्क १२:२८-३४). देव एक, म्हणून मनही एक हवे. रविवारी देव आणि सोमवारपासून पैसा, मान व जात, अशी वाटणी चालत नाही.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. त्याच्या आरंभीच्या नमनात त्यांनी देवाला ‘बाप’ म्हटले आहे. बाप एक असेल, तर लेकरे परकी कशी?

चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळला जातो, तेव्हा एखादा शेजारी आपल्याला सहज विचारतो, “तुमचा देव वेगळा काय?” देव एकच असेल, तर तो फक्त ‘आमचा’ असूच शकत नाही, शेजाऱ्यालाही त्यानेच घडविले आहे. सर्व मानवांचा उगम आणि अंतिम ध्येय देवच आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये अन्य धर्मांविषयीच्या घोषणापत्रात सांगितले. म्हणून आपण ख्रिस्ताची साक्ष निःसंकोच द्यावी, पण कुणाच्या भक्तीची टिंगल करू नये.

आपल्या वारणा खोऱ्यात गळिताच्या हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. त्या कोपीतील मूल आणि आपल्या घरातील मूल यांचा पिता एकच आहे. हे आपण मानतो की नाही, ते आपल्या वागण्यावरून दिसते.

या आठवड्यात विचार करू या : माझ्या मनात देवाच्या जागी काय बसले आहे? आणि मी कोणाला परके मानले आहे?