दाताची छटा आणि दिव्याचा उजेड

प्रश्न : निर्मलमध्ये दातांचा दवाखाना थाटतो आहे. उजेड कमी-जास्त करता यावा आणि बिलही आटोक्यात राहावं, असे दिवे कोणते? पंख्याचा रेग्युलेटर लावला तर चालेल?

उत्तर : डॉक्टर, रेग्युलेटर विसरा. त्यावर साधा एलईडी फडफडतो आणि आतला ड्रायव्हर लवकर जातो. पॅनेल घेतानाच ‘डिमेबल ड्रायव्हर’ आहे का ते विचारा आणि त्याला जुळणारा डिमर घ्या. दुकानातच उजेड अगदी कमी करून मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकले, तर तो दिवा परत ठेवा.

वॅट वाचवण्याच्या नादात रंग हरवू नका. दाताच्या कॅपची छटा जुळवायची तर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा निर्देशांक) ९० च्या वर आणि रंगतापमान ५००० केल्विनच्या आसपास हवं. युरोपीय मानकात खोलीसाठी ५०० आणि रुग्णाभोवती १००० लक्स धरतात. खोली फार अंधारी ठेवली, तर तोंडातल्या झगझगीत उजेडावरून नजर हटवताना डोळे शिणतात. कॉम्पोझिट भरताना मात्र खुर्चीचा दिवा पिवळ्या मोडवर न्या, कारण निळ्या प्रकाशाने ते आधीच घट्ट होऊ लागतं.

भिंती फिक्या राखाडी किंवा पांढऱ्या ठेवा. गावची ओळख म्हणून सोनेरी निर्मल चित्र लावणारच असाल, तर ते प्रतीक्षाकक्षात लावा. तिथे ३००० केल्विनचा मंद उजेड त्याला शोभेल, आणि घाबरलेल्या रुग्णालाही. छत बंद करण्याआधी डिमरची वायर तेवढी ओढून घ्या.