विमानाचा विलंब आणि प्रवाशाचा हक्क

विमान उशिरा पोहोचल्यास प्रवाशाच्या वाया गेलेल्या वेळेचे मोल कोणी द्यावयाचे? या प्रश्नाचे उत्तर युरोपीय संघाने कायद्याच्या मार्गाने शोधले. मात्र ही भरपाई किती तासांच्या विलंबानंतर द्यावी, याविषयी तेथे पुन्हा वाद उपस्थित झाला.

संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम १७ फेब्रुवारी २००५ पासून अंमलात आला. उड्डाण रद्द झाल्यास अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाईची तरतूद त्यात होती. विलंबासाठी मात्र भोजन, निवास यांसारख्या साहाय्याचाच प्रामुख्याने उल्लेख होता. ही उणीव युरोपीय न्यायालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये दूर केली. उड्डाण रद्द झालेल्या प्रवाशाप्रमाणेच विलंब सोसणाऱ्याचाही वेळ वाया जातो. म्हणून अंतिम ठिकाणी तीन किंवा अधिक तास उशिरा पोहोचणाऱ्यासही भरपाई मिळावी, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. वादळासारखी असाधारण परिस्थिती याला अपवाद आहे. नेहमीचा तांत्रिक बिघाड सामान्यतः त्यात मोडत नाही.

जून २०२५ मध्ये सदस्य राष्ट्रांच्या मंत्र्यांनी नवा प्रस्ताव मान्य केला. ३,५०० किलोमीटरपर्यंत चार तास व त्यापलीकडे सहा तास अशी मर्यादा आणि अनुक्रमे ३०० व ५०० युरो भरपाई, असे त्याचे स्वरूप होते. मर्यादा वाढल्यास पर्यायी विमान आणण्यास अवधी मिळेल व उड्डाणे रद्द करावी लागणार नाहीत, हा त्यामागील युक्तिवाद. ग्राहक संघटनांनी त्यास विरोध केला.

या फरकाचा संबंध महाराष्ट्रातील प्रवाशांशीही येतो. युरोपीय संघातील विमानतळावरून सुटणाऱ्या सर्व कंपन्यांच्या उड्डाणांस हा नियम लागू होतो. मुंबईहून तेथे जाताना मात्र विमान संघातील कंपनीचे असावे लागते. अशा कंपनीचे विमान मुंबईहून फ्रँकफुर्टला पाच तास उशिरा पोहोचले, तर २००४ च्या नियमानुसार ६०० युरोंचा हक्क निर्माण होतो. नव्या प्रस्तावानुसार काहीच मिळत नाही.

हक्कांची माहिती देणारा फलक तपासणी खिडकीजवळ लावण्याचे बंधनही या नियमात आहे. कायद्याने दिलेला हक्क प्रवाशास ठाऊक नसेल, तर तो कागदावरच राहतो. म्हणून तिकीट व प्रवेशपत्र जपून ठेवणे आणि विलंबाचे कारण लेखी मागणे प्रवाशाच्या हिताचे ठरते.