जुना ब्रिक्स मीटर घेताना



उसाची पक्वता पाहण्याचा हँड रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे आपल्या बोलण्यातला ब्रिक्स मीटर, आता काही सभासदांच्या घरी आला आहे. ही चांगलीच गोष्ट. परंतु कित्येक जण मोबाईलवर फोटो पाहून जुनाच मागवतात. त्याविषयी चार गोष्टी सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

जुने यंत्र कोणत्या कामातले आहे, हे आधी विचारावे. पिंपरी, भोसरी, चाकणच्या वर्कशॉपमध्ये धातू कापताना कूलंट वापरतात. त्या पाण्यात तेलाचे प्रमाण किती, हे पाहायलाही असाच रिफ्रॅक्टोमीटर असतो. दिसायला दोन्ही सारखेच. पण कूलंटच्या काही यंत्रांची पट्टी 0 ते 10 किंवा 0 ते 18 एवढीच असते. पक्व उसाचा रस 18 ते 20 किंवा त्याहून वर जातो. मग त्यात वाचणार काय? उसाला 0 ते 32 ची पट्टी पाहिजे. शिवाय काचेवर ओरखडे असले किंवा नळीत पाणी शिरले असले, तर निळ्या-पांढऱ्यातली रेघ पुसट दिसते. फोटोत हे कळत नाही.

ज्यांची मुलं चाकणला नोकरीस आहेत त्यांनी मुलांनाच विचारावं. तिथे व्हर्निअर, मायक्रोमीटर ठराविक मुदतीने तपासणीला जातात. नापास झालेले कामातून काढतात. म्हणून जुन्या यंत्राबरोबर सर्टिफिकेट आले, तर त्यावरचा नंबर यंत्रावरच्या नंबराशी जुळतो का आणि तारीख कोणती, हे पाहावे. त्या तारखेनंतर यंत्र आपटले असेल, तर कागदाचा उपयोग नाही.

यंत्राने दोन अंश जादा दाखवले, की 17 चा ऊस 19 चा दिसतो. सभासद तोडणीची घाई करतो आणि कोवळा ऊस गव्हाणीत पडतो. 2025-26 च्या हंगामासाठी एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये ठरली. त्यापुढील प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये वाढ. उतारा साऱ्या कारखान्याचा मिळून धरतात. म्हणजे एकाच्या खोट्या यंत्राचा फटका सगळ्यांना.

तपासणी घरच्या घरी होते:

1. काचेवर डिस्टिल्ड पाण्याचे दोन थेंब टाकावेत. रेघ 0 वर यावी. थोडा फरक असल्यास स्क्रूने जुळवावी.

2. 20 ग्रॅम साखर 80 ग्रॅम पाण्यात पूर्ण विरघळवावी. रेघ 20 वर यावी. पाण्याला 0 दाखवून इथे चुकणारे यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये.

3. यंत्र, पाणी व द्रावण तासभर सावलीत एकत्र ठेवून मगच वाचावे. तपमानाने आकडा हलतो.

शक्यतो समोरासमोर, ही चाचणी करूनच पैसे द्यावेत. यंत्र परत केल्यावर "पैसे पाठवतो, पिन टाका" असे कोणी म्हणाल्यास पिन टाकू नये. पैसे मिळायला पिन लागत नाही. फसगत झालीच, तर ताबडतोब 1930 वर फोन करावा.

आणि घरचे यंत्र खरे असले, तरी एका उसावरून निर्णय नको. प्लॉटच्या निरनिराळ्या भागांतले ऊस घ्यावेत, शेंडा आणि बुडखा दोन्हींचा रस पाहावा. दोन्ही आकडे जवळ आले, की ऊस पिकला असे समजावे.