शिक्षणाची नवी साधने व शिकणाऱ्याचे श्रम

शिक्षण बदलत आहे, ही गोष्ट आता कोणी कोणास सांगावयास नको. ज्या घरी आजोबा पाटीवर शिकले व वडील वहीवर शिकले, त्याच घरी आज नातू काचेच्या पडद्यावर बोट फिरवून शिकत आहे. ह्या बदलाकडे पाहून काही जणांस अतिशय हर्ष होतो, तर काही जणांस तितकीच धास्ती वाटते. एक पक्ष विचारतो, आता शिक्षकाचे काय काम उरले? दुसरा विचारतो, आता मुलांचे काय होणार? आम्हांस दोन्ही पक्ष थोडे उतावळे वाटतात. शिक्षणाची साधने पूर्वीही अनेकदा बदलली आहेत. त्या त्या वेळी काय लाभले व काय गमावले, ह्याचा हिशेब मांडला, तर आजच्या बदलाचे माप घेणे सोपे जाईल. तो हिशेब विद्यार्थी व पालक ह्यांच्यापुढे ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हिशेबास आरंभ करण्यापूर्वी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. शिकताना मनुष्यास दोन प्रकारचे श्रम पडतात. एक ओझ्याचे व दुसरे वाढीचे. पुस्तकासाठी चार कोस चालत जाणे, मिणमिणत्या चिमणीच्या उजेडात डोळे चोळीत वाचणे, फळ्यावरचे पानभर उतरवून घेता घेता बोटे आखडणे, हे ओझ्याचे श्रम होत. ते कोणी हलके केले, तर त्याचे उपकारच मानावयास हवेत. परंतु गणित सुटेना म्हणून ते तीन वाटांनी करून पाहणे, वाक्य मनासारखे उतरेना म्हणून खोडून पुन्हा लिहिणे, न समजलेला उतारा चार वेळा वाचणे, हे वाढीचे श्रम होत. शेतकऱ्याने मोट सोडून पंप बसविला, तर बैलांचे कष्ट वाचतात आणि पीक तर येतेच. परंतु तालमीत जाऊन एखाद्याने आपल्या जोरबैठका गड्याकडून काढविल्या, तर अंग कोणाचे कमावेल? नवे साधन पुढे आले की, ते ह्या दोहोंपैकी कोणते श्रम वाचविते, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

इंग्रजी अमलापूर्वी आपल्या गावांतून पंतोजींच्या शाळा होत्या. धुळाक्षरे, पाढे, पावकी-निमकी, मोडी वळण आणि हिशेब एवढाच बहुधा त्यांचा अभ्यासक्रम असे. छापील पुस्तक नव्हते. एकाच ओसरीवर लहानमोठी मुले बसत व पुढे गेलेला मुलगा मागच्यास गिरवावयास शिकवी. ह्या देशी पद्धतीची किंमत एका परकीयाने ओळखली. अँड्र्यू बेल नावाचे पाद्री मद्रास येथे अनाथ मुलांच्या शाळेवर प्रमुख होते. देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे काढताना त्यांनी पाहिली व ती रीत आपल्या शाळेत आणली. मुलांनीच मुलांस शिकविण्याच्या ह्या पद्धतीचे वर्णन त्यांनी १७९७ साली लंडन येथे छापले आणि पुढे ती विलायतेतील गरिबांच्या शाळांतून पसरली. दुसऱ्यास शिकवू लागले म्हणजे आपणांस स्वतःस किती समजले आहे हे कळते, हा तिच्यातील अर्थ आजही खरा आहे. परंतु पंतोजींच्या शाळेचे दार सर्वांस उघडे नव्हते. मुलींची व अस्पृश्य मानलेल्या जातींची गणना तेथे नव्हती, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाणे बरे नव्हे.

एकोणिसाव्या शतकात छापील पुस्तक आले. डॉक्टर जॉन विल्सन ह्यांनी १८३२ मध्ये मुंबईस शाळा काढली, तर दादोबा पांडुरंग ह्यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये छापून निघाले. १८५४ च्या खलित्याने निरनिराळ्या इलाख्यांत शिक्षणखाती निर्माण झाली आणि १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. छापील पुस्तकाने नकला करण्याचे ओझे उतरविले आणि गरिबाच्या व श्रीमंताच्या हाती एकच पाठ दिला. हा लाभ लहान नव्हे. तथापि ह्या साधनाबरोबर परीक्षा आली व परीक्षेबरोबर घोकंपट्टी आली. पुस्तक हाती आल्यावर मुलाने अधिक विचार करावा अशी अपेक्षा होती. पुष्कळ ठिकाणी झाले असे की, पुस्तक तोंडपाठ करणे हाच अभ्यास ठरला. पुढे पुस्तकाचेही श्रम नकोत म्हणून गाइड निघाले आणि गाइडाचेही नकोत म्हणून 'अपेक्षित' प्रश्नांचे संच निघाले. म्हणजे वाढीचे श्रम टाळण्याची युक्ती संगणकाने शोधून काढलेली नाही. ती आपल्याकडे फार दिवसांपासून आहे.

ह्याच काळात दुसरा एक बदल घडला, तो साधनांहून मोठा होता. शाळेचे दार उघडू लागले. मिस सिंथिया फॅरार अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, मुलींच्या शाळा चालवीत असत. तेथील शाळा पाहून जोतीराव फुले ह्यांस स्फूर्ती मिळाली व त्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यास भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ मध्ये संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. ही वाट चालावयास दीडशेहून अधिक वर्षे लागली. म्हणून नव्या साधनांविषयी आमचा दुसरा प्रश्न असा की, ती हे दार अधिक उघडतात की पुन्हा लोटून घेतात?

ह्या प्रश्नाचे उत्तर २०२० साली सर्वांच्या डोळ्यांपुढे आले. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षीच्या मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या व अभ्यास मोबाईलवर आला. ज्या घरी प्रत्येकास स्वतंत्र यंत्र होते, तेथे पाठ चालू राहिले. ज्या घरी एकच मोबाईल व तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, तेथील मुलांचे काय? सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या बाहेरील भिंतींवर धडे रंगविले; मुले येताजाता ते वाचीत. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकविण्यात आले. भिंत आणि भोंगा ही काही नवी साधने नव्हेत. परंतु कोणते मूल बाहेर राहिले आहे, ह्याकडे ज्यांचे लक्ष होते, त्यांस जुने साधनही पुरले.

तरीही हानी झालीच. ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचू शकणारी मुले 'असर' ह्या पाहणीप्रमाणे २०१८ मध्ये सुमारे ५० टक्के होती. २०२२ मध्ये ती सुमारे ४३ टक्क्यांवर आली. शाळा पुन्हा भरू लागल्यावर, २०२४ च्या पाहणीत, हे प्रमाण सुमारे ४९ टक्क्यांपर्यंत सावरले. ह्या आकड्यांत दोन धडे आहेत. शाळेचा वर्ग व शिक्षकाचा सहवास ह्यांची जागा पडदा सहजासहजी घेत नाही, हा पहिला. आणि साथीच्या आधीही निम्मी मुले मागेच होती, हा दुसरा. तेव्हा सर्व दोष मोबाईलच्या माथी मारून आम्हां शिक्षकांस स्वस्थ बसता येणार नाही.

नवे साधन योग्य हाती पडले म्हणजे काय होते, ह्याचेही उदाहरण आपल्याच प्रांतात आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातले, जेणेकरून मुलांस कविता ऐकता यावी व पाठ पुन्हा पाहता यावा. त्यांस २०२० मध्ये दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. पाठ पुन्हा ऐकावयास मिळणे म्हणजे ओझे हलके होणे होय. समजून घेण्याचे काम मुलाकडेच राहिले.

आता शाळेची घडीही बदलत आहे. २९ जुलै २०२० रोजी मान्य झालेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने दहा अधिक दोन ही रचना सोडून पाच, तीन, तीन व चार वर्षांचे टप्पे सांगितले आहेत. शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून अथवा घरच्या भाषेतून शिकवावे. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांच्या हाताखाली काम शिकावे. प्रगतिपत्रकात शिक्षकाबरोबर मुलाने स्वतःविषयी व सोबत्यांनी त्याच्याविषयी दिलेला अभिप्रायही असावा, असे त्यात म्हटले आहे. शिक्षकानेही दर वर्षी पन्नास तास नवे शिकावे, अशी अपेक्षा आहे. ह्या सूचना कागदावर राहणार की वर्गात उतरणार, हे पुष्कळ अंशी शिक्षक व पालक ह्यांवर अवलंबून आहे. दहा दिवस दप्तर नसले आणि मुलाने रंधा हाती न घेता नुसती छायाचित्रे काढून आणली, तर तोही गाइडाचाच एक प्रकार झाला.

सर्वांत नवे साधन म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी लोकांच्या हाती आले आणि त्यामागून तशी इतर यंत्रे आली. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येणे संभवते, हे प्रचंड लेखी मजकुरावरून ही यंत्रे शिकलेली असतात. त्यामुळे त्यांची भाषा सफाईदार असते. परंतु सफाई म्हणजे सत्य नव्हे, आणि चुकीची गोष्टही ती तितक्याच ठामपणे सांगतात. 'पावसाळ्यातील एक दिवस' ह्या विषयावर निर्दोष निबंध अशा यंत्राकडून क्षणात मिळेल. त्यात हिरवी शेते असतील, इंद्रधनुष्य असेल. पण 'पाऊस आला की पत्र्याच्या आवाजात आईची हाक ऐकू येत नाही', हे तुमच्या घरचे वाक्य त्यास कोठून सुचणार? असे एक वाक्य, मग त्यात दोन ऱ्हस्वदीर्घाच्या चुका का असेनात, आम्हांस त्या निर्दोष निबंधाहून अधिक मोलाचे वाटते. चुका सुधारता येतात. न केलेला विचार मात्र कोणी सुधारू शकत नाही.

म्हणून शिक्षकाचे काम संपले नसून ते अधिक कठीण झाले आहे. माहिती सांगणे हे त्याचे एकमेव काम कधीच नव्हते. आता तर मुलास ते समजले की नाही, हे पाहणे हेच मुख्य काम ठरले आहे. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते, हे यंत्र तत्काळ सांगेल. परंतु कागदाचा त्रिकोण कापून, त्याचे तिन्ही कोपरे फाडून, ते एका सरळ रेषेवर जुळवून पाहणाऱ्या मुलाच्या मनात 'असे का बरे?' हा प्रश्न उठतो, आणि सिद्धतेची गोडी तेथून लागते. तेव्हा शिक्षकाने उत्तराबरोबर कच्चे कामही मागावे. लिहून आणलेल्या निबंधावर दोन प्रश्न तोंडी विचारावे. वर्गातच, स्वतःच्या पेनाने, थोडे पण रोज लिहवून घ्यावे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस आम्ही यंत्र वापरू नका असे सांगत नाही. क्रम मात्र पाळा. गणित प्रथम स्वतः करा, मग ताडून पाहा. निबंध प्रथम स्वतः लिहा, मग त्यातील उणिवा विचारा. उत्तर मागण्याऐवजी, 'ह्या धड्यावर मला पाच प्रश्न घाल', असे सांगा. मिळालेली माहिती पुस्तकात पडताळून पाहा. आणि जे समजले ते शेजारच्या बाकावरील सोबत्यास समजावून द्या; पंतोजींच्या ओसरीवरील ती रीत कोणत्याही यंत्राने जुनी केलेली नाही.

पालकांस आमच्या तीन विनंत्या आहेत. मुलास किती गुण मिळाले, हे विचारण्यापूर्वी आज त्यास काय अडले, हे विचारावे. रात्री ठरलेल्या वेळी घरातील सर्व मोबाईल, आपलेही, बाजूस ठेवावे. मुले आपले बोलणे ऐकण्यापेक्षा आपले करणे अधिक पाहतात. आणि आपणांस शिकावयास मिळाले नसले तरी संकोच करू नये. मुलाने पाठ मोठ्याने वाचावा व आपण तो ऐकून 'म्हणजे काय रे?' एवढेच विचारावे. ज्या आईस अक्षर येत नाही, तिला समजेल असे सांगता आले, तर मुलास धडा आला असे खुशाल समजावे.

साधने ह्यापुढेही बदलत राहतील. आज जे नवे वाटते ते तुमच्या मुलांस पाटीइतके जुने वाटेल. त्या प्रत्येक साधनास हे दोन प्रश्न विचारीत जा: तू माझे ओझे वाहतोस की माझी वाढ खुंटवितोस? आणि तुझ्यामुळे माझा कोणी सोबती दाराबाहेर तर राहत नाही ना? ह्या दोन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देणारे साधन निःशंकपणे हाती घ्या, आणि अभ्यासाला लागा.