आधी कार्ट्रिज बघा, मग प्रीअ‍ॅम्प

"प्रीअ‍ॅम्प बदला, घूं जाईल," असं दुकानदार म्हणाला की जरा थांबा. रेकॉर्ड लावली की स्पीकर घुमतो म्हणून मलाही तेच सांगितलं होतं. दुप्पट किमतीचा नवा डबा घरी आणला आणि चिकलठाण्यातल्या आमच्या हॉलमध्ये स्पीकर पहिल्यासारखाच घुमत राहिला.

एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये हयात गेली, म्हणून मग मीटर काढला. पण आधी घूं एवढी मोठी का होते ते बघू. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबतात, नाहीतर एक खोबण शेजारच्या खोबणीत घुसेल. वरचे सूर मात्र चढवतात. १९५४ पासून त्याचं आरआयएए हे ठरलेलं माप आहे. प्रीअ‍ॅम्प याच्या उलट करतो. सुईकडून येणारे ३ ते ५ मिलिव्होल्ट तो मधल्या सुरांत शंभरेक पट वाढवतो, पण ५० हर्ट्झला जवळजवळ ७०० पट. आणि महावितरणची वीज असते नेमकी ५० हर्ट्झची! वायरिंगमधली बारीकशी गळतीसुद्धा त्यामुळे तानपुऱ्यासारखी कानाशी बसते. डबा कितीही महाग असला तरी हे गणित बदलत नाही.

टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सची वायर अ‍ॅम्प्लिफायरमधून उपसली तेव्हा निम्मी घूं गेली. टर्नटेबलची बारीक अर्थ वायर प्रीअ‍ॅम्पच्या स्क्रूखाली घट्ट आवळली, आणखी कमी झाली. उरलेली अर्थिंगची होती. आमच्याकडे वरची काळी माती थोडी, खाली मुरूम आणि काळा पाषाण. एप्रिल-मेमध्ये ओल उडाली की अर्थचा खड्डा नावापुरता उरतो. तिथे पाणी घालायला लागलो आणि खोली शांत झाली. काही जण घूं घालवायला प्लगची तिसरी पिनच मोडतात. ते कधीही करू नका. एखाद्या दिवशी अ‍ॅम्प्लिफायरची बॉडीच झटका देईल.

एवढं तपासून झाल्यावरच खरेदीचं बघा, आणि त्यातही आधी कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग. जुन्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये बऱ्याचदा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्याचा आवाज मुळातच मोठा, त्याला फोनो प्रीअ‍ॅम्प लावला तर गाणं फाटतं. ओळखायचं सोपं आहे: प्लेअर थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्स सॉकेटमध्ये लावा. भरपूर आवाज आला तर सिरॅमिक. क्षीण, खर्ज नसलेला, पत्र्यासारखा आला तर मॅग्नेटिक. नव्या टर्नटेबलच्या मागे 'फोनो-लाइन' असा खटका असेल तर प्रीअ‍ॅम्प आतच बसवलेला आहे, बाहेरचा कशाला? खटका 'लाइन'वर ठेवून अ‍ॅम्प्लिफायरच्या फोनो सॉकेटमध्ये पिना खुपसल्या की दोन प्रीअ‍ॅम्प एकामागे एक लागतात आणि लताबाईंचा आवाजही घोगरा होतो.

मॅग्नेटिकमध्येही दोन जाती आहेत. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला ४७ किलोओमचा लोड आणि साधारण ४० डेसिबलचा गेन पुरतो. मूव्हिंग कॉइलमधून जेमतेम ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट निघतात, त्याला ६० डेसिबलच्या आसपास लागतो. दुकानात ज्याला हा फरक सांगता येत नाही, त्याच्याकडून घेऊ नये. कपॅसिटन्सकडे कुणी बघत नाही, पण कित्येक मॅग्नेट कार्ट्रिजना वायरसकट १०० ते २०० पिकोफॅरडच चालतात. लांबलचक वायरीने वरचे सूर बिघडतात. प्रीअ‍ॅम्प टर्नटेबलला खेटून ठेवा, अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून मात्र लांब.

आजोबांच्या वेळच्या ७८च्या तबकड्या असतील तर आणखी एक. बालगंधर्वांची पदं आरआयएए ठरण्याआधीची, त्यामुळे साध्या प्रीअ‍ॅम्पवर त्यांचा रंग पुरता खरा येत नाही. तेवढ्यासाठी वेगळा डबा घेणं हौशी माणसाचं काम, मी घेतलेला नाही. सुई मात्र वेगळी हवीच: एलपीची १८ मायक्रॉनच्या आसपास, ७८ची ७५.

दुकानात जाताना कार्ट्रिजचा मॉडेल नंबर कागदावर लिहून न्या, आणि आपल्या घरी आपल्याच वायरिंगवर लावून बघेपर्यंत परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्या.